फरकाचे सात रुपये

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

रॅकवर खाद्यतेलाच्या पिशवीखाली १४८ रुपयांची पट्टी असते आणि बिलात तीच पिशवी १५५ रुपयांना लागते. मागे भरलेल्या पाच-सहा ट्रॉल्या उभ्या असतात. अशा वेळी बहुतेक माणसे गप्प बसतात, कारण सात रुपयांसाठी रांग अडवणे म्हणजे चिंधीगिरी, हे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. काही जण आवाज चढवतात आणि काउंटरवरच्या मुलीला चोर ठरवून मोकळे होतात. आणि यंत्राने ३५५ची वस्तू ३५ला लावली तर? तेव्हा गप्प बसणारे आणि आवाज चढवणारे, दोघेही सारख्याच चपळाईने पिशव्या उचलतात.

मोठ्या दुकानांतल्या बिलांबद्दल वृत्तपत्रांतून पत्रे येत असतात. त्यांत राग भरपूर असतो, पण चूक नेमकी कुठे झाली याचा पत्ता क्वचितच असतो. तो लागला, तर फरक कोणाकडे मागायचा आणि कधी आपणच परत द्यायचा हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

मुळात बारकोडमध्ये किंमत नसते. तो नुसता तेरा आकडी क्रमांक आहे. भारतात नोंदलेल्या कंपन्यांचा ८९० ने सुरू होतो, आणि शेवटचा आकडा आधीचे बारा नीट वाचले गेले की नाही हे तपासण्यासाठी असतो. स्कॅनर हा क्रमांक दुकानाच्या संगणकाला देतो आणि संगणक आपल्या यादीतली किंमत बिलावर उतरवतो. म्हणजे एकाच पुड्याला तीन किमती असतात: कंपनीने पुड्यावर छापलेली, मुख्य कार्यालयाने संगणकात भरलेली आणि दुकानातल्या पोराने रॅकवर लावलेली. तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या. त्या रोज हजारो वस्तूंच्या बाबतीत जुळतात, याचेच खरे तर नवल वाटायला हवे.

संगणकातले दर साधारणपणे रात्री बदलतात. पट्ट्या सकाळी दुकान उघडण्याआधी बदलायच्या असतात. छापलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा हातात येतो, एकेक गल्ली करत माणूस पुढे सरकतो. तेलाच्या गल्लीतली पट्टी बदलली जाते, पण तेच तेल गल्लीच्या टोकाच्या स्टँडवर आणि बिलिंगच्या वाटेवर रचलेल्या ढिगावरही असते. तिथली जुनीच राहते. दर चढला असेल तर ग्राहकाचे पैसे जातात, उतरला असेल तर पट्टीपेक्षा कमी लागतात आणि कोणी तक्रार करत नाही. म्हणून सवलतीची योजना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि सण उलटल्यावर बिल जरा जास्त लक्ष देऊन वाचावे, आणि टोकाच्या स्टँडवरून उचललेली वस्तू तर आवर्जून.

याहून वाईट चूक छापील किमतीची, आणि ती पुड्यावर कमाल किंमत छापणाऱ्या आपल्यासारख्या देशांतच या रूपात भेटते. समजा चहाचा जुना पुडा ९५ रुपयांचा आहे आणि नव्या मालावर १०५ छापले आहेत. बारकोड तोच. रॅकवर दोन्ही शेजारी शेजारी. स्कॅन केल्यावर काउंटरच्या पडद्यावर दोन ओळी येतात, ९५ आणि १०५, आणि पुडा उलटून पाहून त्यांतली एक निवडायची असते. रविवारी संध्याकाळी पुडा उलटून कोण पाहतो? बोट एंटरवर पडते आणि वरची ओळ बिलात जाते. वरची ओळ १०५ची असली तर छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त लागले. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत याला सरळ मनाई आहे. चूक होती की हेतू, हा प्रश्न त्यानंतरचा.

पण दुकान जर सगळ्या चहावर दहा टक्के सूट देत असेल, तर तीच चूक दिसेनाशी होते. १०५वर दहा टक्के सूट म्हणजे ९४.५०. पुड्यावर ९५ छापलेले, बिल ९४.५०, म्हणजे वरकरणी सगळे नियमात. खरे तर ९५वर दहा टक्के सूट धरून ८५.५० व्हायला हवे होते. नऊ रुपये गेले आणि बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत 'आपली बचत १०.५०' असे छापून आले. या 'बचत'च्या ओळीवर कधीही विसंबू नये. ती बिलातल्या दराची तुलना संगणकातल्या छापील किमतीशी करते. रॅकवरच्या पट्टीशी आणि तुमच्या हातातल्या पुड्याशी तुलना करणारी ओळ कुठल्याच बिलावर नसते. वर सांगितलेल्या तेलाची छापील किंमत १७५ असेल, तर सात रुपये जास्त घेऊनही बिल तुम्हाला वीस रुपये वाचल्याची शाबासकी देते.

सुट्या मालाची तऱ्हा वेगळी. डाळ, सुका मेवा, भाजी यांवर दुकानाच्या काट्यातून निघालेली चिकटपट्टी असते. तिच्यावरचा क्रमांक बहुधा २ ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा रक्कम गुंफलेली असते. इथे चूक काट्यावरच होते: इंद्रायणीऐवजी आंबेमोहोरचे बटण दाबले जाते, किंवा डब्याचे वजन वजा होत नाही. ९०० रुपये किलोच्या काजूंचा रिकामा डबा ४० ग्रॅमचा असेल, तर डब्याचेच ३६ रुपये झाले. माल टाकण्याआधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला लावून आकडा शून्यावर आणायला सांगावे, एवढाच उपाय. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. वजनमापे खात्याचा शिक्का आणि प्रमाणपत्र काट्याच्या आसपास दिसायला हवे.

बिलाच्या शेपटीकडेही एक नजर टाकावी. न सांगता लावलेली पिशवी, न विचारता कापलेली एक रुपयाची देणगी, आणि राउंड ऑफ, जे पन्नास पैशांहून जास्त असल्यास वरच्या रुपयावर जाते, तसे कमी असल्यास खालच्या रुपयावर यायला हवे. पिशवीचे पैसे आधी न सांगता काउंटरवर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२०मध्ये म्हटले आहे.

कोपऱ्यावरचा किराणावाला या सगळ्यातून सुटला, असे समजू नका. दुधाच्या पिशवीवर, थंड पेयाच्या बाटलीवर एक-दोन रुपये 'कूलिंगचे' घेण्याची रीत शहरांत रुळली आहे. विजेचे बिल येते, फ्रीज चालवावा लागतो, हे खरेच. पण छापील किंमत ही सर्व करांसह कमाल किंमत आहे आणि फ्रीज तिच्या पोटातच येतो. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देण्याची मुभा दिली, तिचा दाखला दुकानदार देतात. ती मुभा टेबल-खुर्चीवर बसवून सेवा देणाऱ्यांसाठी होती. दुकानाच्या फळीवरून हातात दिलेल्या बाटलीला ती लागू नाही.

आता पैसे मागायचे कसे, याविषयी.

आधी पट्टी आपल्याच वस्तूची आहे ना, ते पाहावे. बऱ्याच तक्रारी इथेच विरघळतात. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारी ८५० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते, रंग आणि चित्र तेच. पट्टीवर बारीक अक्षरांत वस्तूचा सांकेतिक क्रमांक, वजन, योजनेची शेवटची तारीख आणि 'दोन घेतल्यास', 'अमुक रकमेच्या खरेदीवर' अशा अटी असतात. पुड्यावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर छापणे सक्तीचे आहे (एक किलो किंवा लिटरच्या वर असेल तर प्रति किलो, प्रति लिटर). सात-आठशे ग्रॅमची पिशवी एक किलोच्या जागी ठेवली असेल तर ती या आकड्यावरून लगेच उघडी पडते. पट्टी आणि वस्तू एकाच फोटोत येतील असा एक फोटो काढावा. कर्मचाऱ्यांचे चेहरे त्यात येऊ देऊ नयेत.

फरक पैसे देण्याआधी लक्षात आला तर 'हे बाजूला ठेवा, रॅकवर १४८ आहे, पाहून सांगा' एवढेच म्हणावे आणि बाकीचे बिल होऊ द्यावे. दर बदलण्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला नसतो. त्यासाठी सुपरवायझरचे कार्ड किंवा पासवर्ड लागतो, आणि तो येईपर्यंत रांग खोळंबते. म्हणून नुसते घासाघीस करत उभे राहून उपयोग नाही. पैसे दिल्यानंतर लक्षात आले, तर दाराबाहेर पडण्यापूर्वी ग्राहक सेवा खिडकीवर जावे. दुसऱ्या दिवशी गेल्यास पट्टी बदललेली असते आणि तुमच्याकडे फोटो नसेल तर सांगण्यासारखे काही उरत नाही. घरी आल्यावर कळले, तर बिलाचा लगेच फोटो काढून ठेवावा. थर्मल कागदावरची छपाई उन्हात आणि पाकिटात काही आठवड्यांतच पुसट होते.

खिडकीवर फरक गुणिले नग एवढी रक्कम सांगावी: सात रुपये, तीन पिशव्या, एकवीस. संपूर्ण वस्तूची किंमत मागू नये. ती परत हवी असेल तर वस्तू परत द्यावी लागेल, तो वेगळा व्यवहार आहे. पुढच्या खरेदीचे कूपन घ्यायलाच हवे असे नाही. पैसे ज्या मार्गाने गेले त्या मार्गाने किंवा रोख मागता येतात. आणि त्यासाठी मोबाइल क्रमांक देण्याचीही गरज नाही. ग्राहकाने क्रमांक दिला नाही म्हणून सेवा नाकारू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्ये दुकानदारांना बजावले आहे. शेवटी, आणि हे बहुतेक जण विसरतात, पट्टी बदलायला सांगावे आणि ती बदललेली पाहूनच निघावे.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले आणि ऐकून घेतले जात नाही, असे झाले तर पुडा न फोडता ठेवावा. छापील किंमत दिसेल असा त्याचा फोटो आणि बिल घेऊन जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे तक्रार करावी. जुने लोक त्याला अजून वजनमापे खातेच म्हणतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. मात्र वेळेचा हिशेब आधी मांडावा. मथुरेच्या तुंगनाथ चतुर्वेदी यांच्याकडून १९९९मध्ये रेल्वे तिकिटांवर वीस रुपये जास्त घेतले गेले. निकाल लागला २०२२मध्ये. रेल्वेला पंधरा हजारांचा भुर्दंड बसला. त्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण किराणा बिलाच्या सात रुपयांसाठी कोणी हा रस्ता धरावा, असे मला वाटत नाही. १९१५ वर नोंदवलेली तक्रार दुकानाच्या मुख्य कार्यालयाकडे जाते आणि दर तिथूनच ठरतात.

यात वस्तू व सेवा कराच्या कपातीची भर पडली. २२ सप्टेंबर २०२५पासून साबण, शाम्पू, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५वर आली, तूप आणि लोणी १२वरून ५वर. १०० रुपये छापलेल्या साबणाची करापूर्वीची किंमत ८४.७५, पाच टक्क्यांनी ती ८९च्या आसपास येते. १०० रुपयांच्या तुपाचे ९३.७५ होतात. जुन्या मालावर नवी, कमी किंमत चिकटवायला परवानगी आहे. पण चिकटपट्टीने आधीची छापील किंमत झाकलेली चालत नाही, आणि किंमत वाढवणारी चिकटपट्टी तर मुळीच नाही. बिलाच्या तळाशी कराचे कोष्टक असते. साबणासमोर ९ अधिक ९ (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) दिसले, तर संगणकात दर बदललेला नाही: ही बिलाची चूक, खिडकीवर जाऊन दाखवा. अडीच अधिक अडीच दिसते आणि तरी एकूण किंमत पूर्वीइतकीच आहे, तर मूळ किंमत वाढवली गेली आहे. त्याबद्दल काउंटरवर भांडून काही होणार नाही. ती तक्रार १९१५ची.

आता ज्या प्रश्नावर लोक जास्त अडखळतात, तो. हे पैसे मागणे शोभते का?

१८७२च्या करार कायद्यातले ७२वे कलम सांगते की चुकून दिलेले पैसे किंवा चुकून हाती आलेली वस्तू ज्याला मिळाली, त्याने ती परत केली पाहिजे. त्यात दुकानदार आणि ग्राहक असा भेद नाही, आणि सात रुपये की सात हजार, असाही नाही. माझ्या मते सारी नीती या कलमात आलीच. फरक मागताना आपण उपकार मागत नाही. आपल्याकडून चुकून गेलेले परत घेतो. आणि ३५५ची वस्तू ३५ला लागली, तर ३२० रुपये दुकानाचे आपल्याकडे आहेत. एका बाजूचा कायदा तोंडपाठ आणि दुसऱ्या बाजूला 'त्यांची चूक, त्यांनी भोगावी', हे जमणार नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९९६मध्ये दुकानांची तपासणी करवली, तेव्हा शंभरातल्या जवळपास पाच वस्तूंचे दर चुकीचे लागत होते आणि त्यांत ग्राहकाला कमी लागलेल्या वस्तू जास्त लागलेल्यांपेक्षा किंचित अधिकच निघाल्या. ते आकडे तिथले आणि जुने आहेत. आपल्याकडे त्या धर्तीवर कोणी मोजले तर काय निघेल, हे पाहण्यासारखे आहे.

'एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?' असे म्हणणाऱ्यांनी तूट कुठे जाऊन बसते, ते समजून घ्यावे. संगणकातला दर चुकला असेल, तर दिवसअखेर गल्ला बरोबर जुळतो, कारण बिल आणि रोकड दोन्हींत तोच चुकीचा आकडा असतो. इथे तोटा किंवा फायदा मालकाचा. वस्तू स्कॅनच झाली नाही, तर गल्ला जुळतो पण माल कमी भरतो. ती तूट महिन्याच्या मोजणीत दिसते आणि त्या विभागाच्या माणसांना जाब द्यावा लागतो. सुटे परत देताना शंभराच्या जागी दोनशे गेले, तर मात्र त्याच रात्री त्या एका काउंटरचा गल्ला शंभराने तुटतो आणि अनेक ठिकाणी ती रक्कम त्या मुलाच्या पगारातून जाते. म्हणून जास्त आलेले सुटे परत करायला एक क्षणही लावू नये. काउंटर बंद होण्यापूर्वी परत आले, तरच त्याच्या हिशेबात बसतात; दुसऱ्या दिवशी दिलेले शंभर दुकानाला मिळतील, त्याला मिळतीलच असे नाही.

याच हिशेबाची उलट बाजू म्हणजे संगणकातला चढा दर. त्यातही गल्ला जुळतो. म्हणून दुकानात तो कोणालाच दिसत नाही, दिवसच्या दिवस. सात रुपये जास्त, रोज साठ पिशव्या, चार दिवस धरले तर १,६८० रुपये, आणि एकाही कागदावर त्याची नोंद नाही. तो फक्त एखाद्या ग्राहकाला पट्टी आठवत असेल तर दिसतो. तेव्हा रांगेत तोंड उघडणारा माणूस मागच्या साठ जणांचेही काम करत असतो, आणि तो काउंटरवरच्या मुलीवर ओरडत असेल तर चुकीच्या माणसावर ओरडत असतो; तो दर तिने लिहिलेला नाही.

परदेशात काही ठिकाणी या कामाचा मोबदला कायद्याने किंवा विक्रेत्यांच्या संहितेने ठरवला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने २०११मध्ये प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवण्याची सक्ती उठवली आणि बदल्यात ग्राहकाला हक्क दिला: पट्टीपेक्षा जास्त लागले, तर फरक परत आणि वर फरकाच्या दहापट, किमान एक आणि कमाल पाच डॉलर. तीस दिवसांत कळवायचे, दुकानाने दोन दिवसांत द्यायचे. कॅनडात २००२पासून किरकोळ विक्रेत्यांची स्वेच्छेची संहिता आहे: दर चुकला तर दहा डॉलरपर्यंतची वस्तू फुकट, त्याहून महाग असेल तर दहा डॉलर कमी. डेट्रॉइट, टोरांटोकडच्या आपल्या मंडळींना हे ठाऊक असेल. तिथे प्रश्न उभा राहतो तो चुका हुडकत फिरणाऱ्यांचा. जुनी पट्टी दिसली की मुद्दाम ती वस्तू घ्यायची आणि बक्षीस मिळवायचे, हे बरोबर का?

एकदा केले तर बरोबर, असे मला वाटते. कमी पगारात जास्त दुकाने तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकाचे काम त्या माणसाने केले, आणि ते करून घेण्यासाठीच बक्षीस ठेवलेले आहे. पण चूक दाखवून न देता रोज तीच पट्टी पिकवत राहणे हा वेगळा धंदा. नियम करणाऱ्यांनीही हे ओळखले होते. मिशिगनमध्ये एकसारख्या दहा वस्तू घेतल्या तरी बक्षीस एकावरच, फरक मात्र दहांवर. कॅनडात पहिली वस्तू फुकट, उरलेल्या योग्य दराने. दाखवून दिल्यावरही आठवड्याने तीच पट्टी तशीच असेल तर? मग दुसऱ्यांदा पैसे घेताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. आता तिला चूक म्हणता येणार नाही. ती सवय झाली.

आपल्याकडे असे बक्षीस नाही, आणि लगेच यावे असेही मी म्हणत नाही. आधी साध्या गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक गल्लीत दर तपासणारे यंत्र असावे आणि ते चालू असावे. बिलावर छापील किमतीशेजारी योजनेचे नाव आणि तिची तारीख यावी. ग्राहक सेवा खिडकीवर किंमत-फरकाची नोंदवही असावी, जिच्यात वस्तू, पट्टीवरचा दर, बिलातला दर आणि पट्टी कधी बदलली ती वेळ, इतकेच चार रकाने असले तरी पुरेत. चालू महिन्यात कोणत्या दुकानात किती फरक दिले, हे वैधमापनशास्त्र निरीक्षकाला त्या वहीवरून पाच मिनिटांत कळेल.

आणि निरीक्षकांनी पुडे तपासतात तशा पट्ट्याही तपासाव्यात. अमेरिकेतल्या वजनमापे अधिकाऱ्यांची पद्धत साधी आहे: दुकानभरातून पन्नास किंवा शंभर वस्तू निवडायच्या, त्यांत टोकाचे स्टँड आणि योजनेतल्या वस्तू घ्यायच्या, पट्टीवरचा दर आधी कागदावर उतरवायचा आणि मग स्कॅन करायचे. शंभरात अठ्ठ्याण्णव जुळले, तर दुकान पास. आपल्याकडे त्यात पुड्यावरच्या छापील किमतीचा एक रकाना वाढवावा लागेल, कारण दोन छापील किमतींचा घोळ तिथे नाही. ग्राहक पंचायतीच्या शाखांना, महाविद्यालयांतल्या वाणिज्य शाखेच्या मुलांना दुकानाच्या परवानगीने हे करता येईल. फक्त मोजताना जास्त लागलेल्या वस्तू एका रकान्यात आणि कमी लागलेल्या दुसऱ्यात लिहाव्यात, आणि निकाल छापताना दोन्ही रकाने छापावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे